वृद्धाश्रमातल्या आईला झालेली जखम आणि अचानक सुरू झालेली बडबड: 'वय झालंय' म्हणून सोडून देऊ नका

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमची आई ७९ वर्षांची. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं, घरी बघायला कुणी नाही म्हणून चार महिन्यांपूर्वी तिला छत्रपती संभाजीनगरजवळच्या एका वृद्धाश्रमात ठेवलंत. तुम्ही परभणीला नोकरीत, त्यामुळे महिन्यातून एकदा जाणं होतं. गेल्या रविवारी गेलात तेव्हा माकडहाडापाशी जखम दिसली. शिवाय पाच-सहा दिवसांपासून आई असंबद्ध बोलते, रात्री हाका मारते आणि दिवसा झोपून असते. तिथल्या लोकांनी 'वय झालंय, असं होणारच' म्हणून सांगितलं आणि झोपेची गोळी सुरू केली. तुम्ही विचारता, हा हलगर्जीपणा आहे का, आणि आईला तिथून काढू का?

मी आधी सरकारी रुग्णालयात मेडिसिन वॉर्डात सिस्टर होते. आता बरीच वर्षं मराठवाड्यातल्याच एका वृद्धाश्रमात नर्सिंगचं काम बघते. तुमच्या दोन्ही प्रश्नांकडे येते, पण त्याआधीचं काम असं की आईला आज, फार तर उद्या, डॉक्टरांनी समोर बसून हात लावून तपासलं पाहिजे. फोनवर विचारून लिहिलेली गोळी चालणार नाही. तुम्हाला जखमेची काळजी जास्त वाटते, कारण ती डोळ्यांना दिसते. मला त्या बडबडीची जास्त वाटते.

पाच-सहा दिवसांपूर्वीपर्यंत आई नीट बोलत होती आणि आता बोलत नाही, याचा अर्थ मधल्या काळात तिच्या शरीरात काहीतरी घडलंय. म्हातारपण असं एका मंगळवारी सुरू होत नाही. विसराळूपणाचा आजार, म्हणजे डिमेन्शिया, महिने-वर्षं घेत हळूहळू वाढतो. तासा-दिवसांत आलेला, सकाळी बरा आणि संध्याकाळी वाढणारा जो भ्रम असतो त्याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. त्याच्यामागे बहुतेक वेळा शरीरातलं कारण असतं आणि ते सापडलं तर भ्रम ओसरू शकतो. तो नेहमी आरडाओरड्याच्याच रूपात येतो असंही नाही. काही आजी नुसत्या गप्प होतात, जेवायला उठत नाहीत, हाक मारली की डोळे उघडून पुन्हा मिटतात. त्यांचा कुणाला त्रास नसतो म्हणून त्या सगळ्यात उशिरा लक्षात येतात, आणि त्यांचीच तब्येत जास्त बिघडलेली असते.

आमच्याकडे मावशी येऊन सांगते, 'सिस्टर, आजी येड्यावानी करायल्यात.' तेव्हा मी काय बघते ते सांगते, म्हणजे तिथं कुणी काय बघितलं हे तुम्हाला विचारता येईल. आधी जीभ बघते. कोरडी आणि चिरलेली असेल तर पाणी कमी पडलंय. मग पुरा एक मिनिट छातीकडे बघून श्वास मोजते. मिनिटाला २५ किंवा त्याहून जास्त असतील तर खोकला नसला तरी न्यूमोनियाची शंका घ्यायची. ताप मोजते, पण नुसत्या आकड्यावर विसंबत नाही. या वयात मोठा संसर्ग असूनही ताप १०० फॅरेनहाइटच्या वर जाईलच असं नसतं. एरवी ९७ असणाऱ्या आजीला ९९ भरला तर तो माझ्या लेखी ताप. रक्तदाब आणि बोटाला लावून ऑक्सिजन बघते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर त्याच क्षणी साखर तपासते, कारण कमी झालेली साखर नुसत्या बडबडीच्या रूपानेही येते आणि तिला वाट बघायला वेळ नसतो.

नंतर बेंबीच्या खाली हात ठेवते. टणक, भरलेलं लागतं का? आजी थेंब थेंब लघवी करतात, डायपर ओला असतो, त्यामुळे लघवी होते असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात मूत्राशय तुडुंब भरून वरचं सांडत असतं. शौचाचंही तसंच. खडा अडकून बसलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ पाणी झिरपतं. मग 'आजीला जुलाब होतात' म्हणून जुलाब थांबवायची गोळी दिली जाते आणि होतं नेमकं उलट. म्हणून शेवटचं नीट शौच कोणत्या दिवशी झालं ते विचारा. 'होतंय की रोज' हे उत्तर घेऊ नका, दिवस विचारा.

मग औषधांची पाकिटं. गेल्या पंधरा दिवसांत नवं काय सुरू झालं? ऑपरेशननंतर वेदनेसाठी दिलेली ट्रमाडॉल, खाजेसाठी किंवा सर्दीसाठी दिलेली जुन्या पद्धतीची अ‍ॅलर्जीची गोळी, लघवी लागावी म्हणून दिलेली पाण्याची गोळी, झोपेची गोळी, यातली कुठलीही म्हाताऱ्या मेंदूला गोंधळात टाकू शकते. पाण्याच्या गोळीने रक्तातलं सोडियम उतरतं तेही भ्रमाचं मोठं कारण, आणि ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. शेवटचा प्रश्न असा की गेल्या दोन महिन्यांत आई पडली होती का, डोक्याला मार लागला होता का? मेंदूवर हळूहळू साचणारं रक्त कित्येक आठवड्यांनी लक्षण दाखवतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.

एवढं बघून झाल्यावर डॉक्टर रक्ताच्या तपासण्या, सोडियम-क्रिएटिनिन, छातीचा एक्स-रे, ईसीजी यांतलं जे लागेल ते करतील. लघवी तपासली आणि त्यात थोडे जंतू निघाले तर लगेच 'हेच कारण' म्हणून बाकीचा शोध थांबू देऊ नका. या वयातल्या बऱ्याच बायकांच्या लघवीत काहीही त्रास नसताना जंतू सापडतात.

झोपेच्या गोळीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. कारण न शोधता दिलेली झोपेची गोळी भ्रम वाढवते, पडण्याचा धोका वाढवते आणि दिवसभर गुंगीत पडून राहिल्याने जखमही वाढवते. आईला ती गोळी सुरू झाल्यापासून दिवसा झोप वाढली असेल तर डॉक्टरांना हे याच शब्दांत सांगा. मात्र मनाने बंद करू नका. काही गोळ्या हळूहळूच सोडवाव्या लागतात.

तुम्हाला रजा मिळत असेल तर दोन रात्री आईजवळ राहा. औषधाइतकाच ओळखीच्या आवाजाचा उपयोग होतो. तिचा चष्मा सापडतोय का बघा, दवाखान्यातून येताना तो बऱ्याचदा हरवलेला असतो. कानात मळ साठलाय का बघा. दिवसा खिडकी उघडी आणि पलंग उजेडात, रात्री मंद दिवा. ती जे बोलते ते खोडून काढत बसू नका. 'दादा आलेत का शेतातून?' असं विचारलं तर 'ते वारले ना आता' हे दर तासाला ऐकवून तिला दर तासाला नवं दुःख देण्यात काय अर्थ? आणि ती कितपत भानावर आहे हे बघायचं तर तारीख विचारू नका. आपल्याकडच्या कितीतरी आज्यांनी कॅलेंडर कधी वापरलंच नाही, पण श्रावण कधी लागतो आणि पोळा किती दिवसांवर आहे हे त्यांना पक्कं माहीत असतं. महिना, सण, आठवड्याचे वार उलटे म्हणणं, असं विचारलं की खरं चित्र कळतं.

आता जखम.

बेडसोर म्हणजे दोन कठीण गोष्टींच्या मध्ये मांस चेपलं जाणं. खाली गादी, वर हाड, मधल्या कातडीला रक्त मिळत नाही. पाठीवर पडून राहणाऱ्याला माकडहाड आणि टाचा, कुशीवर खुबा आणि घोटा, कधी कान, कधी डोक्याची मागची बाजू. काही तासांच्या दाबानेही सुरुवात होते. पहिली खूण म्हणजे लाली, जी बोटाने दाबल्यावर पांढरी पडत नाही. पण सावळ्या कातडीवर लाली बऱ्याचदा दिसतच नाही. म्हणून आमच्या मावश्यांना मी हाताच्या मागच्या बाजूने तपासायला शिकवते. तिथली कातडी आजूबाजूपेक्षा गरम किंवा गार लागते का, टणक किंवा भुसभुशीत लागते का, रंग जांभळट काळपट दिसतो का. या टप्प्यावर सापडलं तर दाब काढला की बरंच काही वाचतं. त्यापुढे फोड किंवा वरची साल निघणं, त्यापुढे आतली चरबी दिसणारा खड्डा, आणि शेवटी स्नायू किंवा हाडापर्यंत गेलेली जखम. वर काळा किंवा पिवळा थर चिकटलेला असेल तर खाली किती खोल आहे ते सांगता येत नाही, आणि तो थर घरी ओढून काढायचा नाही.

हलगर्जीपणा आहे का, हे यावरून ठरवा: जखम आधी कुणी पाहिली आणि कधी? साल निघालेली छोटी जखम तिथल्या सिस्टरने स्वतः पाहून, तारीख घालून लिहिली असेल आणि कूस बदलायचं वेळापत्रक त्याच दिवशी सुरू झालं असेल, तर मी त्या लोकांना दोष देणार नाही. खूप अशक्त, हालचाल नसलेल्या माणसाला चांगली काळजी घेऊनही कधीकधी जखम होते. पण खड्डा पडलेली जखम पहिल्यांदा मुलीला दिसते आणि तिथं त्याची एक ओळही लिहिलेली नसते, तर आंघोळ घालताना, डायपर बदलताना दिवसेंदिवस कुणीही त्या कातडीकडे बघितलेलं नाही, हे उघड आहे. खोलवर झालेली इजा वर दिसायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून मधे कधी आई दवाखान्यात राहून आली होती का तेही विचारा.

उपचारात सगळ्यात मोठा भाग दाब काढण्याचा. मलम त्यानंतर. पलंगावर असताना साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. पूर्ण कुशीवर झोपवलं तर वजन खुब्याच्या हाडावर येतं, म्हणून पाठीमागे उशी लावून ३० अंशांइतकं तिरकं ठेवायचं, गुडघ्यांमध्ये एक उशी. ऑपरेशनच्या बाजूला किती वळवायचं ते त्या सर्जनला विचारून घ्या. पोटरीखाली उशी अशी ठेवायची की टाच हवेत राहील. जेवणाची वेळ सोडून डोक्याकडची बाजू ३० अंशांपेक्षा वर नको, नाहीतर माणूस हळूहळू खाली घसरतो आणि त्या घसरण्यात आतलं मांस सोलल्यासारखं ताणलं जातं. वर सरकवताना काखेत हात घालून ओढायचं नाही. दोघांनी दोन्ही बाजूंनी चादर धरून उचलायचं. खुर्चीत बसवत असतील तर तीही दोन-दोन, तीन-तीन तास एकाच बैठकीत नको.

गेल्यावर एकदा चादरीखाली हात घालून बघा. आपल्याकडे मायेने वाकळ अंथरतात आणि तिची जाड शिवण नेमकी कंबरेखाली येते. परकराच्या नाडीची गाठ, लुगड्याच्या निऱ्यांचा बोळा, लघवीच्या नळीचा मांडीखाली अडकलेला भाग, चादरीची घडी, भाकरीचे चुरे, हे सगळं मी जखमांच्या खाली पाहिलंय. गोल कडीसारखी रबरी उशी कुणी देत असेल तर घेऊ नका, ती मधल्या भागाचं रक्त अडवते. लाल झालेल्या जागेला चोळायचं नाही. स्पिरिट लावून पावडर मारायची पद्धत अजून कितीतरी ठिकाणी चालते, तिने कातडी आणखी कोरडी होते. जखमेत हळद, पावडर, हायड्रोजन पेरॉक्साइड नको. नॉर्मल सलाइनने धुवायची आणि डॉक्टर सांगतील तसं ओलसरपणा टिकवणारं ड्रेसिंग. वास, पू, भोवती पसरणारी लाली किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर.

हवेची गादी जरूर घ्या, पण तिच्या भरवशावर राहू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात लाइट जाते. पंप बंद पडला की गादी बसते आणि आई थेट लोखंडी पलंगाच्या पाटावर येते. लाइट गेली की लगेच कूस बदलायची आणि जाड गादीवर घ्यायचं, हे तिथल्या रात्रीच्या माणसाला माहीत आहे का विचारा. गादी पुरती फुगली आहे का हे बघायला माकडहाडाच्या खाली, गादीच्या तळाशी तळहात सरकवा. हात आणि आईचं शरीर यांच्यामध्ये निदान इंचभर गादी उरली पाहिजे.

जखम भरायला मांस धरावं लागतं. ४५ किलोच्या बाईला अशा वेळी दिवसाला ५५ ते ६५ ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि अर्धी भाकरी नि पातळ वरणाचं पाणी यातून ती मिळणं अशक्य आहे. वाटीभर घट्ट वरणातून साधारण ६-७ ग्रॅम, एका अंड्यातून ६, पेलाभर दुधातून ६-७, मूठभर शेंगदाण्यांच्या कुटातून ७-८. दोन जेवणांवर सगळा भार टाकला तर पोट साथ देत नाही, पाच-सहा वेळा थोडं थोडं द्यावं लागतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. वजन महिन्याला लिहिलं जातं का बघा. एका महिन्यात ५ टक्के उतरलं तर ती धोक्याची खूण. वजनकाटा नसेल किंवा उभं राहता येत नसेल तर हातातली बांगडी बघा. मागच्या खेपेला मनगटावर बसणारी बांगडी आता कोपरापर्यंत सरकत असेल तर आई खात नाहीये, ताट रिकामं परत गेलं असं कुणी कितीही सांगो.

पाण्याचं तर मी सगळ्यांनाच सांगते. या वयात तहान कळत नाही. त्यात मराठवाड्याचा एप्रिल-मे, चाळिशीच्या वरचा पारा आणि पत्र्याची खोली. दिवसाला दीड लिटरच्या वर पोटात गेलं पाहिजे, उन्हाळ्यात आणखी. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून सांगितलंय त्यांचं वेगळं. आणि आज्या पाणी का पीत नाहीत, तर बहुतेक वेळा 'रात्री उठावं लागंल, मावशीला तरास कशाला' म्हणून. हे त्या सिस्टरला सांगणार नाहीत, तुम्हाला सांगतील. तेव्हा 'पाणी पी' असं बजावण्यापेक्षा रात्री लघवीला न्यायला कोण येतं ते आधी नक्की करा. उशाशी भरलेला तांब्या ठेवला म्हणजे पाणी दिलं असं होत नाही. तिचा हात पोचतो का आणि तांब्या उचलायची ताकद आहे का? ताक, ज्वारीची आंबील, पन्हं, सरबत, जे तिला आवडतं ते दर दीड-दोन तासांनी अर्धा पेला हातात द्यायचं, आणि ती पिईपर्यंत थांबायचं.

खाताना ठसका लागतो का, आवाज घोगरा-ओला होतो का हेही बघा. आपल्याकडे दात नसले की पातळ आमटीत भाकरी कुस्करून देतात. गिळायला त्रास असलेल्याला तेच सर्वांत अवघड जातं, कारण पातळ रस आधी घशात धावतो आणि तुकडे मागे राहतात. भाकरी रसात पूर्ण मऊ होऊन एकजीव घट्ट झाली पाहिजे. सरळ बसवून, लहान चमच्याने, आधीचा घास गिळल्याची खात्री करून. नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. आणि रोज तोंड स्वच्छ करायचं, कवळी रात्री काढून ठेवायची. घाणेरड्या तोंडातली लाळ फुप्फुसात गेली की न्यूमोनिया होतो.

औषधांबद्दल दोनच गोष्टी. गोळी गिळत नाही म्हणून कुटून देतात. ज्या गोळीच्या नावापुढे एसआर, एक्सआर, रिटार्ड असं काही असतं ती कुटली की दिवसभराचा डोस एकदम रक्तात जातो, म्हणून डॉक्टरांकडून बदलून घ्यावी. दुसरी गोष्ट उपवासाची. मराठवाड्यातली वारकरी घरातली आजी एकादशी सोडत नाही, आणि सोड म्हणून सांगणं मला पटतही नाही. पण मधुमेहाची गोळी रोजचीच गिळली आणि पोटात फक्त वाटीभर भगर, तर दुपारी साखर उतरते. त्या दिवशीचा डोस काय हे आधीच डॉक्टरांकडून लिहून घेतलं पाहिजे. तुमच्या आईला मधुमेह असेल तर आषाढी-कार्तिकीच नव्हे, महिन्याच्या दोन्ही एकादश्या वृद्धाश्रमाच्या कॅलेंडरवर खूण करून द्या. इन्सुलिन असेल तर ते खिडकीत ठेवलेलं नाही ना, बघा. आपल्या उन्हाळ्यात फ्रिज बंद पडला तर निदान ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या माठात, पाणी लागणार नाही अशा डबीत.

लघवीची नळी केवळ डायपर बदलायचा त्रास नको म्हणून घातली असेल तर काढायला सांगा, ती संसर्गाची वाट आहे. आणि हात-पाय बांधणं. रात्री उठते, नळी ओढते म्हणून ओढणीने मनगट पलंगाला बांधलेलं मी पाहिलंय. हे कुठल्याही कारणाने खपवून घेऊ नका. बांधलेला माणूस जास्त घाबरतो, जास्त ओढतो, पलंगावरून जास्त वाईट पडतो. रात्री उठणाऱ्या माणसाला बहुतेकदा लघवी लागलेली असते, किंवा दुखत असतं.

आता वृद्धाश्रमाशी बोलायचं कसं. तिथं जाऊन आवाज चढवलात तर मालक सांभाळून बोलतील आणि बोलणी मावशीला बसतील. मावशी वाईट नसते. तिला आठ-दहा जणांचं अंग पुसायचं असतं, कपडे बदलायचे असतात, भरवायचं असतं, आणि कूस का बदलायची हे तिला कुणी कधी शिकवलेलं नसतं. आधी तिच्याजवळ बसा. आई काय खाते, कधी हाका मारते, कुठं हात लावला की ओरडते, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. मग व्यवस्थापकांना शांतपणे विचारा: रात्री प्रत्यक्ष जागं कोण असतं आणि किती जणांमागे? हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, कारण दिवसा सगळीकडे माणसं दिसतात. नोंदणी असलेली नर्स, म्हणजे एएनएम, जीएनएम किंवा बी.एस्सी. झालेली, कोणत्या वेळेत असते? 'सिस्टर' म्हणून पांढरा कोट घालून फिरणारी प्रत्येक मुलगी शिकलेली असते असं नाही, आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीबद्दल विचारण्यात काही अपमान नाही. डॉक्टर किती दिवसांनी येतात? आणि पलंगाशी एक कागद लावायला तयार आहात का, ज्यावर किती वाजता कोणत्या कुशीवर घेतलं, किती प्यायली, काय खाल्लं, लघवी-शौच कधी, कातडी कशी, एवढंच लिहायचं? जखमेचा फोटो आठवड्यातून एकदा, शेजारी पट्टी धरून. या कागदाला तयार होणारा वृद्धाश्रम सुधारतो, असा माझा अनुभव. 'आमच्यावर विश्वास नाही का' असं म्हणणाऱ्यांकडे मी माझी आई ठेवणार नाही.

उडवून लावलं तर १४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तिथं आणि जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात तक्रार करता येते. तपासणीच्या खर्चाची चिंता असेल तर आईचं वय ७० च्या वर असल्यामुळे आयुष्मान योजनेचं कार्ड उत्पन्नाची अट न लागता निघतं. भरती व्हावं लागलं तर योजनेतल्या रुग्णालयात त्याचा उपयोग होईल, आजच काढून ठेवा. आणि आई हाकेला ओ देत नसेल, दम लागत असेल, एक बाजू लुळी वाटत असेल तर माझं उत्तर वाचत बसू नका, वृद्धाश्रमाला १०८ बोलवायला सांगा आणि घाटीत, म्हणजे संभाजीनगरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, न्यायला लावा.

तिथून काढायचं का? या आठवड्यात नको, असं मी सांगेन. भ्रम झालेल्या माणसाची जागा बदलली की भ्रम वाढतो, आणि ओली जखम घेऊन परभणीपर्यंतचा चार-पाच तासांचा रस्ता तिला सोसणार नाही. आधी भ्रमाचं कारण सापडू दे, तो कागद पंधरा दिवस चालू दे. त्यात जखम आकसताना दिसली आणि रात्रीच्या नोंदी खऱ्या वाटल्या तर तिथंच राहू द्या. महिन्याऐवजी पंधरा दिवसांनी जा, आणि वेळ न कळवता जा, एकदा रात्री आठनंतर सुद्धा. जखम वाढली किंवा कागद रोज एकाच शाईत, एकाच हाताने भरलेला दिसला तर हलवा. मग परभणीत आधी डॉक्टर आणि जागा ठरवा, वृद्धाश्रमाकडून औषधांची यादी आणि जखमेच्या नोंदी लेखी घ्या, आणि उन्हाच्या आत पोचता येईल अशा बेताने पहाटेच निघा. गाडीत बसवून नको, अँब्युलन्समध्ये आडवी, कुशीवर तिरकी. जालन्याला थांबून कूस बदला, डायपर बघा, पाणी पाजा. पुढे मंठा-जिंतूरलाही तसंच.